उस्तादच्या चंद्रकोरी

“अहो ताई, अडते म्हणजे काय? आरसा केलाय मी तिच्या बुडाचा, आरसा! माशी बसली तर तिचा पाय घसरेल. अन् तुम्ही म्हणता गाडी अडते?”

“माशीचं मला ठाऊक नाही, मिस्त्री. माझी गाडी अडते. अडते, मग उडी मारते, मग परत अडते.”

“उडी मारते?”

“बेडकासारखी. हे बघा, खोटं वाटत असेल तर.”

तान्हं मूल आणावं तसा फडक्यात गुंडाळून आणलेला लोखंडी रोलर बाईनं टेबलावर ठेवला. टेबलावरची निळ्या रंगाची डबी नाचली. सपाटनं चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. रोलरवर पट्टे होते. एक चकचकीत, एक मळका, परत चकचकीत, परत मळका, या टोकापासून त्या टोकापर्यंत. बाईनं त्यावरून नख ओढलं तसा टर्रर्र आवाज आला. कंगव्यावरून ओढल्यासारखा.

“हा रोलर छापखान्यात गेला तर छपाईऐवजी झेब्रे निघतील,” बाई म्हणाली.

सपाटला हसू आलं नाही. त्यानं स्वतःचं नख ओढून पाहिलं. पुन्हा टर्रर्र.

सपाट हे काही त्याच्या आईबापानं ठेवलेलं नाव नव्हे. ते धंद्यानं ठेवलं. लेथवर लोखंड गरागरा फिरतं आणि ते कापणारं हत्यार एका गाडीवर बसून लांबलचक बेडवरून हळूहळू सरकतं. ही गाडी खालून झिजली, वाकडीतिकडी झाली की मशीन भंगारात टाकायच्या लायकीची. मग तिचं बूड परत सपाट करायचं, अन् तेही हातानं. एका बिनचूक सपाट लोखंडी प्लेटला निळा रंग फासायचा, तिच्यावर गाडीचं बूड घासायचं, जिथं निळं लागलं तिथं उंचवटा आहे असं समजायचं अन् तेवढाच स्क्रेपरनं खरवडायचा. परत निळं, परत घासणं, परत खरवडणं. जो डोकं वर काढेल त्याचं डोकं खरवडायचं, हाच सपाटचा उभ्या जन्माचा उद्योग. कुणाच्या घरी गेला तरी टेबलावर तळहात फिरवायचा अन् घरधन्यासमोर म्हणायचा, “ह्या कोपऱ्याचे बारा वाजलेत.” चहा तोवर आलेला नसला, तर मग तो येतच नसे.

हे सगळं त्याला शिकवलं उस्तादनं. उस्ताद म्हणजे कमी बोलणारा अन् बोललाच तर शिवीपासून सुरुवात करणारा माणूस. सपाटच्या निळ्या ठिपक्यांकडे मान तिरकी करून बघायचा अन् म्हणायचा, “बास. पुरे. आता हात लावशील तर तोडीन.” मग सपाटला बाजूला सारून आपला डावा हात पुढं करायचा आणि त्या सपाट बुडावर स्क्रेपरच्या एकेका झटक्यात चंद्रकोरी काढायचा. ओळीनं, एकीशेजारी एक, नखाएवढ्या. एवढं मरमर मरून सपाट केलेल्या लोखंडावर परत ओरखडे! कारखान्यात सगळे त्याला ‘उस्तादची सही’ म्हणत. सपाटनं तरुणपणी एकदा धीर करून विचारलं होतं, “उस्ताद, ही सही कशाला?”

“काढायची म्हटलं की काढायची,” उस्ताद म्हणाला होता. पुढचं लिहिण्यासारखं नाही.

उस्ताद थकला, घरी बसला, तरी सपाट प्रत्येक कामावर त्याच्या चंद्रकोरी काढत राहिला. उस्ताद डावखुरा, हा उजवा. त्या उलट्या कोरी काढताना याचं मनगट भरून यायचं. पण दुसऱ्याच्या अंगणात राहायचं तर त्याच्या दाराची कडी वाजवावीच लागते. मागच्या हिवाळ्यात उस्ताद गेला. त्यानंतर या बाईच्या लेथचं काम आलं, म्हणजे सपाटचं पहिलंच, वर कुणी नसलेलं काम. त्यानं मनाशी ठरवलं, आता हे माझं. दुसऱ्याची सही कशाला? अन् ‘बास, पुरे’ म्हणणारं कुणी नव्हतं, म्हणून तो थांबलाही नाही. सगळं बूड एकसारखं निळं होईपर्यंत खरवडलं, वर बारीक दगडानं तेलात घासलं. शेवटी त्यात त्याला आपलं तोंड दिसलं. चष्म्यासकट.

तो आरसा आता बेडकासारखा उड्या मारत होता.

“काका,” मागून धाकटे मालक आले. थोरले मालक गेल्यापासून कारखाना यांच्याकडं. लहानपणी ते सपाटच्या टेबलाखाली लपायचे, म्हणून अजून काका म्हणत. त्यांनी रोलर पाहिला, बाईकडे पाहिलं, अन् सपाटकडे बघायचं टाळलं. “काका, मी तुम्हाला म्हटलं होतं. हातानं खरवडायचे दिवस गेले. मोठ्या रस्त्यावरचा तो ग्राइंडिंगवाला अख्खं बूड दुपारच्या आत घासून देतो.”

“देऊ दे की.”

“तसं नाही. हे काम नीट झालं तर बोलणंच खुंटलं. पण परत आलं, तर इथून पुढं सगळी कामं त्याच्याकडं. तुमचं टेबल उचलू. तुम्हाला मी मालाच्या खोलीत बसवतो. खुर्ची घेतलीय नवी. हात टेकायची, गादीची.”

खुर्ची! धाकट्यांनी ती मायेनंच घेतली होती, हेच तर दुखणं. कुणी वैर धरून काढलं असतं तर भांडता आलं असतं. गादीच्या खुर्चीशी माणूस कसं भांडणार? सपाटनं हत्यारांची पिशवी उचलली.

“चला ताई. बघू तुमचा बेडूक.”

बाईचा कारखाना म्हणजे दोन लेथची एक खोली, वर पत्रा अन् कोपऱ्यात चहाची शेगडी. बाईचा हात कामाला चांगला होता, सपाटनं तो आधीही पाहिलेला. तिनं मशीन चालू केली. गाडी भरभर पळवली तेव्हा झकास गेली. सपाटनं बाईकडे पाहिलं. बाईनं ‘थांबा’ म्हणून बोट दाखवलं अन् चाल कमी केली, रोलरचा शेवटचा हात फिरवताना लागते तेवढी, गोगलगायीची. गाडी थांबली. थांबली म्हणजे दम धरून बसली. मग टुणकन पुढं. परत दम धरून. परत टुणकन.

“पळवलं की पळते, हळू चाल म्हटलं की अडून बसते,” सपाट पुटपुटला. “आमचा थोरला मेव्हणा असाच आहे.”

“त्याला काय करता?”

“त्याला बायको आहे. तेल कुठलं घालता?”

“डबा तुमचाच आहे.”

तेल पातळ असेल, सपाटला वाटलं. त्यानं बाईकडचं दाट तेल घातलं, मधासारखं ओघळणारं. गाडी चालली. हळूही चालली. सपाटच्या छातीवरची धोंड उतरली. बाईनं शेगडी पेटवली, दोघं चहा प्याले, बाईनं आपल्या सासूच्या गुडघ्यांची कहाणी सांगितली. परत येऊन गाडीला हात लावला तर ती जागची हलेना. चहा होईस्तोवर चिकटून बसली होती. दोघांनी जोर लावला तेव्हा एकदम सुटली अन् सपाट पुढच्या पुढं शेगडीजवळ पोचला. पुढं पळवली तर दाट तेलावर अशी तरंगायला लागली की रोलरचं माप इथं एक अन् तिथं एक.

“म्हणजे आता मी चहा प्यायचाच नाही का?” बाई म्हणाली.

मग त्यानं उलट पहिल्याहूनही पातळ तेल घातलं. गाडी उडायची ती उडत होतीच, वर किंचाळायलाही लागली. दाट घातलं तर थांबल्यावर चिकटते अन् पळाल्यावर तरंगते, पातळ घातलं तर चावते. दोन्ही मिसळून पाहिलं. तेव्हा तिनं आलटून पालटून दोन्ही केलं. तेलही गेलं, तूपही गेलं अशी गत. शेवटी साखळीनं गाडी वर उचलली. बुडानं बेड सोडताना पच्चकन आवाज झाला, चिखलातून पाय काढावा तसा. खाली बघतो तर मधोमध सगळं कोरडं ठणठणीत, घासून चकाकलेलं. ओतलेलं तेल सगळं कडेला जाऊन उभं. लग्नाच्या बोलण्यांत न विचारलेल्या काकासारखं.

“तेल आत गेलंच नाही,” बाई म्हणाली.

“गेलं होतं. बाहेर आलं.”

“का?”

सपाटनं बुडावरून तळहात फिरवला. एवढं चांगलं काम त्याच्या हातून आजवर झालं नव्हतं. त्यात खोट काढायची कुठून? गुळगुळीत ते सरकतं अन् खरबरीत ते अडतं, हे शेंबड्या पोराला कळतं. ह्या लोखंडालाच तेवढं कळत नव्हतं.

“उद्या येतो,” तो म्हणाला.

“उद्याच या. परवा रोलर द्यायचेत. नाहीतर माझी गाडी जाईल त्या ग्राइंडिंगवाल्याकडं. राग मानू नका.”

घरी तो जेवताना भाताकडे बघत बसला. त्याची बायको फोटोंना चौकटी करणाऱ्या दुकानात काचा कापायला जायची. तिचे हात नेहमी कुठं ना कुठं कापलेले, पण जीभ त्याहून धारेची.

“भात सपाट नाहीये का?” ती म्हणाली.

त्यानं सगळं सांगितलं. आरसा, बेडूक, तेल, पच्चकन. ती ऐकता ऐकता हसायला लागली.

“अहो, त्यात काय. काचा अशाच करतात.”

“काचांचा काय संबंध? मी लोखंडाचं सांगतोय.”

“ओल्या दोन काचा एकावर एक पडल्या की संपलं. नख घालून सुटत नाहीत. ओढून काढाव्या तर फुटतात. म्हणून आम्ही मधे कागद घालतो.”

“ओल्या? ओल्या तर आणखी घसरायला पाहिजेत.”

“घसरतात की. आधी घसरतात. जरा दाबून ठेवल्या की धरतात.” ती उठली, भिंतीवरच्या दोन फोटोंच्या काचा काढल्या. सासूसासऱ्यांचे उघडे फोटो तिनं पालथे ठेवले, उगीच बघत राहायला नकोत. एका काचेवर डोक्याला लावायच्या तेलाचे थेंब टाकले, दुसरी वर ठेवली अन् सपाटच्या पुढं सरकवली. “ओढा.”

काच सुळकन सरकली. तो विजयानं बघायला लागला.

“आता दाबा. बोटांनी. जरा दम धरा. आता ओढा.”

सपाटनं ओढली. हलली नाही. जोर लावला तशी दोन बोटं सरकली, मग परत बसली. बायकोनं न्हाणीघराच्या खिडकीच्या उरलेल्या खडबडीत काचेचा तुकडा आणला, त्याची धुरकट बाजू तेलाच्या काचेवर ठेवली, तशीच दाबली. “आता ही.” ही निमूट सरकली.

“म्हणजे खडबडीत बरी?”

“मला काय विचारता?”

“मग सँडपेपरनं का अडतं? खडबडीतच असतं ना ते? अन् खडबडीत बरं असेल तर मी जन्मभर गुळगुळीत कशासाठी करत बसलो?”

“अहो, आम्ही कागद घालतो. का घालतो ते आमच्या मालकिणीलाही ठाऊक नाही. तिच्या सासूनं सांगितलं होतं. जेवा आता, भाताचा दगड झाला.”

तो जेवला, पण काय जेवला ते त्याला विचारू नये. डोक्यात काचा एकमेकींवर आपटत होत्या. खडबडीत अडतं, गुळगुळीत चिकटतं, तेल घातलं तरी, नाही घातलं तरी. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मग लोखंडानं असावं तरी कसं?

सकाळी कारखान्यात तो सगळ्यांच्या आधी पोचला. कोपऱ्यात एक म्हातारी मशीन होती, उस्तादनं खरवडलेली, सपाट नुकता कामाला लागला होता तेव्हाची. तिच्यावर आता किरकोळ कामं व्हायची, तिला कुणी विचारायचं नाही, अन् ती कधी अडायचीही नाही. सपाटनं तिचा सरकता भाग बाजूला ओढला. खालच्या पट्टीवर उस्तादच्या उलट्या चंद्रकोरी झिजून पुसट झाल्या होत्या, पण होत्या.

त्यानं कोरडं फडकं घेऊन पट्टी पुसली. लोखंड कोरडं झालं. कोरी मात्र ओल्या राहिल्या. फडकं त्यांच्या तळापर्यंत पोचत नव्हतं. प्रत्येकीत तेलाचा एवढासा थेंब दडी मारून बसलेला. त्यानं वरचा भाग त्यावरून एकदा पुढं नेला, मागं आणला अन् परत पाहिलं. मघाशी पुसून कोरडी केलेली पट्टी ओली झाली होती. कोरींनी आपल्यातलं थोडं थोडं बाहेर काढून सगळीकडे पसरलं होतं. त्यानं परत पुसलं. परत सरकवलं. परत ओलं. आपण वेडे झालोत की काय म्हणून त्यानं तिसऱ्यांदाही केलं.

मग तो खाली बसला, मशीनच्या पायाशीच.

सही नव्हती ती. एवढी वर्षं आपण तिला सही म्हणत आलो, मिरवणं म्हणत आलो, मनातल्या मनात शिव्या दिल्या. अन् म्हातारा नुसता म्हणायचा, काढायची म्हटलं की काढायची! तोंडानं एक वाक्य सांगायला काय झालं होतं त्याला? रागाचा कढ आला. मग त्या रागात दुसराच विचार शिरला, अन् सपाट आणखी गोंधळला. उस्तादला तरी ठाऊक होतं का? की त्यालाही त्याच्या उस्तादनं असंच, शिवी घालून, काढायची म्हटलं की काढायची असं सांगितलेलं? बायकोच्या मालकिणीची सासू अन् हा म्हातारा एकाच माळेचे मणी तर नसतील? विचारायला आता कुणी उरलं नव्हतं.

“काका, बरं वाटत नाही का?” धाकटे दारात उभे होते. “खुर्ची आणू?”

“खुर्ची राहू द्या,” सपाट उठत म्हणाला. “मी ताईंकडं जाऊन येतो.”

बाईच्या खोलीत गाडी अजून साखळीला लटकत होती. ती खाली घेऊन लाकडावर पालथी ठेवली, बूड वर करून. सपाटनं स्क्रेपर काढला, धार तळहातावर पाहिली, अन् त्या आरशासमोर उभा राहिला. आरशात त्याचं तोंड दिसत होतं. त्या तोंडावर ओरखडा काढायचा होता. हात उचलेना.

“काय करताय?” बाईनं विचारलं.

“ओरखडे काढतोय.”

“ओरखडे? मिस्त्री, अहो, आधीच माझं…”

“मलाही पटत नाहीये, ताई. पण काढतो.”

पहिली कोर सवयीनं उलटी निघाली, उस्तादची. दुसरीही. मनगट नेहमीसारखं भरून आलं. अन् त्याच्या ध्यानात आलं की आपण उजव्या हाताचे, उलट्या कोरीत तेल काही वेगळं थांबत नसणार. त्यानं पाय बदलून उभं राहून सुलटी काढली. ती वाकडी झाली. पुढची बरी झाली. त्यापुढं हात मोकळा चालायला लागला, एकेका झटक्यात, ओळीनं, आरशावर नखाएवढे खड्डे पाडत. किती काढायच्या? कमी पडल्या तर तेल कमी, जास्त झाल्या तर टेकायला लोखंडच राहायचं नाही. उस्तादच्या पट्टीवर तो मोजायला विसरला होता. तो काढत राहिला. बाई घड्याळाकडे बघत होती, गाडीकडे बघत होती, शेवटी तिच्यानं राहवेना.

“बास, पुरे! चाळण करताय का तिची?”

सपाटचा हात जागच्या जागी थांबला. त्यानं बाईकडे असं पाहिलं की ती म्हणाली, “काय झालं? वाईट बोलले का?”

“नाही नाही. कुणीतरी म्हणायलाच पाहिजे होतं.”

गाडी परत बेडवर बसवली. तेल घातलं, पहिलंच, ना दाट ना पातळ. बाईनं रोलर चढवला अन् चाल गोगलगायीची लावली. दोघंही वाकून बघत होते. गाडी निघाली. सपाटनं श्वास धरला. गाडीनं धरला नाही. ती हळू, एकसारखी, पाण्यावरून पान जावं तशी जात राहिली. मग बाईनं मुद्दाम मशीन बंद करून शेगडी पेटवली. चहा केला, प्याली, सासूच्या गुडघ्यांचं राहिलेलंही सांगितलं. परत चालू केली. गाडी निघाली.

रोलर उतरवून बाईनं नख ओढलं. आवाज नाही. सपाटनं ओढलं. आवाज नाही. शेवटच्या वीतभरात मात्र एक बारीकसा खर्र लागला.

“हे काय?” सपाट म्हणाला.

“एवढं चालतं हो छापखान्याला.”

“मला चालत नाही. का आलं ते?”

“तुम्हाला ठाऊक नाही?”

“नाही.”

“मग राहू दे. रोलर गेल्यावर या अन् बघा. आता सरका, मला अजून सगळे फिरवायचेत.” बाईनं दुसरा रोलर चढवलासुद्धा होता. “अन् त्या ग्राइंडिंगवाल्याला मी नाही म्हणून कळवते.”

कारखान्यात धाकटे वाटच बघत होते.

“झालं?”

“झालं.”

“काय बिघडलं होतं?”

“गुळगुळीत जास्त झालं होतं.”

धाकट्यांनी कान पुढं केला. “म्हणजे? गुळगुळीत म्हणून अडत होतं?”

“हो.”

“अन् तुम्ही काय केलंत?”

“खड्डे पाडले.”

“अन् चाललं?”

“चाललं. शेवटी वीतभर सोडून.”

“असं कसं होईल, काका?”

“तेच मी कालपासून विचारतोय. तुम्हाला कळलं तर मलाही सांगा. काचेचं का तसं होतं तेही विचारायचंय.”

धाकट्यांनी डोकं खाजवलं. ग्राइंडिंगवाल्याचं नाव काढलं नाही. जाता जाता एवढंच म्हणाले, “ती ड्रिलमशीनची पट्टी आलीय. तुमच्या टेबलाजवळ ठेवलीय.”

पट्टी होती, अन् टेबलाशेजारी गादीची नवी खुर्चीही होती. कुणीतरी ती मालाच्या खोलीतून बाहेर आणून ठेवली होती. सपाटनं गादी तळहातानं दाबून पाहिली. एका बाजूला ती जरा उंच होती. त्यानं तिच्यावर तेलाची बुधली ठेवली, चिंध्या ठेवल्या, निळ्या रंगाची डबी ठेवली, अन् उभ्यानंच प्लेटला निळं फासायला घेतलं. पट्टी उचलून प्लेटवर घासली, पालथी केली. तीन ठिकाणी डोकी वर आली होती. त्यानं स्क्रेपर उचलला.